वाचकांचे प्रश्न : इंग्रजीचा तास आणि फुकटची साधने

प्रश्न : मी मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. शाळेत नेट कधी असते, कधी नसते. माझा मोबाइल, एक ब्लूटूथ स्पीकर आणि चाळीस मुले. इंटरनेटवरचे ऐकण्याचे साहित्य वर्गात कसे वापरू? – एक शिक्षिका, जि. नंदुरबार

उत्तर : नेट वर्गात लागत नाही, घरी लागते. बीबीसी लर्निंग इंग्लिशच्या संकेतस्थळावरून ‘सिक्स मिनिट इंग्लिश’चा एखादा भाग उतरवून घ्या. आवाजाची फाइल आणि संवादाची पीडीएफ, दोन्ही फुकट मिळतात. आता महत्त्वाचे : ती सहा मिनिटे सलग लावू नका. बहुतेक भागांची घडण ठरलेली असते. आरंभी निवेदक तीन पर्याय देऊन एक प्रश्न टाकतात, मध्ये चर्चा होते, शेवटाकडे उत्तर येते आणि महत्त्वाच्या शब्दांची उजळणी होते. याचाच फायदा घ्यायचा. घरी एकदा ऐकून हे टप्पे कोणत्या मिनिट-सेकंदाला येतात ते कागदावर टिपून ठेवा.

वर्गात प्रश्नापर्यंत ऐकवा आणि थांबवा. मुलांना हात वर करायला सांगून तिन्ही पर्यायांची मते फळ्यावर लिहा. मग थेट शेवटच्या उजळणीवर उडी मारा. शब्दांचे अर्थ तिथे सोप्या इंग्रजीत सांगितलेले असतात, ते आधी पक्के झाले की मधली चर्चा झेपते. फक्त उत्तराचे वाक्य तेवढे वगळा, ते अगदी शेवटी ऐकवायचे. आपले उत्तर बरोबर की चूक हे कळायचे बाकी असले की मागच्या बाकावरचेही कान देऊन ऐकतात.

मधल्या चर्चेतला जेमतेम एक मिनिटाचा तुकडा निवडा. पहिल्यांदा वह्या बंद. दुसऱ्यांदा तोच तुकडा फळ्यावर लिहून सहा-सात जागा रिकाम्या ठेवा. तिथे नामे आणि क्रियापदे गाळा. ‘ऑफ’, ‘टू’, ‘अ’ असले शब्द गाळू नका. बोलताना इंग्रज माणूस ते जवळजवळ गिळतो, त्यामुळे चांगले ऐकणारे मूलही तिथे अडते आणि उगाच खचते. पीडीएफ मात्र आधी वाटू नका. मजकूर समोर आला की मुले डोळ्यांनी वाचतात, कान बंद होतात.

वेग जास्त वाटला तर व्हीएलसी प्लेअर या आवाजाच्या फाइली वाजवणाऱ्या फुकटच्या ॲपमध्ये तो 0.85 पर्यंत आणा. फार खाली नेलात तर स्वर ताणले जातात आणि ‘शिप’ ‘शीप’सारखे ऐकू येऊ लागते. स्पीकर फळ्यापाशी नको, वर्गाच्या मधल्या बाकावर हवा. पत्र्याच्या खोलीत आवाज वाढवला की तो घुमतो आणि शब्दांच्या शेवटचे ‘स’, ‘ट’, ‘ड’ हरवतात. अनेकवचन आणि भूतकाळ तर तिथेच असतो.

प्रश्न : उच्चार तपासायला मोबाइलचे बोलून टंकणे चालेल का? – एक शिक्षक, जि. सांगली

उत्तर : चालेल, पण त्याची खोड ओळखून. यंत्र नुसता आवाज ऐकत नाही, मागचे-पुढचे शब्द पाहून अंदाज बांधते. ‘द शीप इज ईटिंग ग्रास’ या वाक्यात मुलाने ‘शिप’ म्हटले तरी पडद्यावर बहुधा मेंढीच उमटेल आणि उच्चार बरोबर आल्याचा समज होईल. म्हणून दोन्ही शब्द सारखेच शोभतील असे वाक्य द्या : ‘आय कॅन सी अ शिप’, ‘आय कॅन सी अ शीप’. तसेच ‘ही इज लिव्हिंग’ आणि ‘ही इज लीव्हिंग’. कीबोर्डची भाषा ‘इंग्रजी (भारत)’ ठेवा, मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर धरा आणि बाकी वर्ग शांत ठेवा.

‘वेस्ट’चे दोन उच्चार मराठी मुलांना सर्वांत जड जातात, कारण आपल्याकडे दोन्हींना एकच ‘व’. बनियनच्या ‘वेस्ट’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, पश्चिमेच्या ‘वेस्ट’ला ओठ शीळ घातल्यासारखे गोल होतात, दात कुठेच टेकत नाहीत. सेल्फी कॅमेरा उघडून मुलांना स्वतःचे ओठ पाहू द्या. इथे कॅमेऱ्याचा उपयोग बोलून टंकण्यापेक्षा जास्त होतो.

प्रश्न : मुलगी इंग्रजीत निबंध लिहिते आणि गूगल ट्रान्सलेटमध्ये टाकून मराठी नीट आले की बरोबर समजते. हे योग्य आहे का? – एक पालक, ठाणे

उत्तर : नाही. भाषांतर करणारे यंत्र चुका मुकाट्याने दुरुस्त करून घेते. ‘आय गो टू स्कूल यस्टरडे’ टाकले तरी ‘मी काल शाळेत गेलो’ असे स्वच्छ मराठी मिळू शकते आणि ‘वेंट’ची चूक झाकली जाते. वाक्य तपासायचे तर केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात त्यातले क्रियापद उघडा. खाली उदाहरणे असतात, त्यांच्याशी ताडून पाहायला सांगा. वाचनासाठी प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टींचे फुकट संकेतस्थळ वापरा. तिथल्या कित्येक गोष्टी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत आहेत, शिवाय पातळीनुसार लावलेल्या. वर्ग सातवा असला तरी इंग्रजीसाठी दुसऱ्या पातळीपासून सुरुवात करा. आधी इंग्रजी वाचू द्या, अडल्यावरच मराठी उघडा.

प्रश्न : गूगल फॉर्मवर चाचणी घेतली, मुलांची बरोबर उत्तरेही चूक दाखवली. का? – एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : लिहायच्या उत्तरात फॉर्म अक्षरन् अक्षर जुळवून पाहतो. पहिले अक्षर कॅपिटल पडले किंवा शेवटी पूर्णविराम आला तरी गुण जातात. ‘आन्सर की’मध्ये असे सगळे पर्याय भरा, नाहीतर बहुपर्यायी प्रश्न द्या. मुले पालकांच्या मोबाइलवरून सोडवत असतील तर फाइल जोडायचा प्रश्न टाळा, तिथे गूगल खात्यात शिरावे लागते. फोन नंबर मागू नका. हजेरी क्रमांक पुरतो.