आधी आजीजवळ बसा, सरकारी दप्तर नंतर

वंशावळ काढायला घेतलीत, छान केलंत. पण पहिल्याच आठवड्यात कचेरीत धावू नका. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा, फोनवर आवाज रेकॉर्ड करा. “पणजोबांचं जन्मसाल काय?” असं विचारलंत की माणूस गप्प होतो. “प्लेगच्या साथीत घर सोडून कुठे राहिले होते, असं मोठे सांगायचे?” म्हटलं की आठवणींना वाट मिळते. माझ्या आत्याने असंच बोलता बोलता माळ्यावरचा तांब्याचा हंडा काढायला लावला. काठावर पणजीचं माहेरचं नाव कोरलेलं होतं. कुठल्याच कागदावर ते नव्हतं! म्हणून भांडी, फोटोंच्या मागची बाजू, जुन्या लग्नपत्रिका नीट बघा. बायकांची नावं बहुतेक तिथेच सापडतात.

मग तलाठ्याकडचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी. खातेदार वारल्यावर वारसांची नावं त्यात येतात, कधी लेकींचीही. जन्म-मृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, मागा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख मात्र पुष्कळदा अंदाजाने घातलेली असते, तिच्यावर विसंबू नका.

नाशिक-त्र्यंबकेश्वरला आपल्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे घराण्याच्या तीर्थक्षेत्रातल्या पुरोहितांकडे, गाव आणि आडनाव सांगा. त्यांच्या वहीत पूर्वजांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर मिळू शकतो. तो जुन्या मोडी लिपीत असेल, तर मोडी शिकाच. आपल्या माणसाचं अक्षर स्वतः वाचताना मला रडू आलं होतं.

आणि तुमच्या आजीकडे, आत्याकडे या रविवारीच जा.