सरावात वाघ, सामन्यात शेळी

या वेळच्या पत्रांत निम्मी खेळाडूंची आहेत, निम्मी नोकरी-धंदा करणाऱ्यांची. सह्या झाकल्या तर कुठलं पत्र कोणाचं ते ओळखू येऊ नये, इतकी तक्रार सारखी आहे: एरवी जमतं, ऐन वेळी हात आखडतो.

प्रश्न: मी १९ वर्षांची आहे, बॅडमिंटनच्या स्पर्धा खेळते. सरावात ज्या मुलींना सहज हरवते, त्यांच्याशीच सामन्यात हरते. सर्व्हिस करताना ‘मनगट सैल ठेव, सैल ठेव’ असं स्वतःला बजावत असते, तरी शटल जाळीत जातं. एक पॉइंट गेला की पाठोपाठ चार जातात. माझं मनच कमकुवत आहे का?

उत्तर: तुला ‘तू’च म्हणते. मन कमकुवत नाही, ते नको तिथे राबतंय. शॉर्ट सर्व्हिस तू इतक्या वेळा केली आहेस की ती हाताला पाठ झाली आहे. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर पाऊल कसं टाकायचं याचा विचार करून बघ, धडपडशील. ‘मनगट सैल ठेव’ हे तेच आहे. सियन बायलॉक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फपटूंवर प्रयोग केले होते. कसलेल्या खेळाडूंना स्वतःच्या हालचालीकडे बारीक लक्ष द्यायला लावलं, तेव्हा त्यांचा खेळ बिघडला. नवशिक्यांना मात्र त्याच गोष्टीचा फायदा झाला. म्हणजे मनगटाची चौकशी करायची ती सरावात, प्रशिक्षकांसमोर. सामन्यात मनगटाला त्याचं काम करू दे आणि नजर जाळीच्या पांढऱ्या पट्टीवरच्या एका जागी ठेव, जिथून शटल जायला हवं.

त्याआधी दरवेळी तोच छोटा क्रम ठेव. हात पुस, शटलची पिसं एकदा नीट कर, श्वास सोड, पट्टीकडे बघ, मार. यात मंत्रतंत्र काही नाही. मनाला रिकामं ठेवलं की ते स्कोअरकडे पळतं, म्हणून त्याच्या हातात काम द्यायचं, एवढंच. आणि हा क्रम सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा करू नकोस. आठवड्यातून दोनदा सराव १९-१९ च्या बरोबरीपासून, म्हणजे गेम संपत आल्यासारखा सुरू करा, हरणारीने कोर्ट पुसायचं. हसू येईल, पण तिसऱ्या दिवशी १९-१९ ला छाती धडधडू लागेल. तीच धडधड आपल्याला सरावात हवी आहे.

आता पाठोपाठ जाणाऱ्या चार पॉइंटांबद्दल. रॉजर फेडरर २०२४ मध्ये विद्यार्थ्यांपुढे बोलताना स्वतःचा हिशेब सांगून गेला: एकेरीचे १,५२६ सामने, त्यातले जवळजवळ ८० टक्के जिंकलेले, पण जिंकलेले पॉइंट फक्त ५४ टक्के. इतका मोठा खेळाडू जवळपास दर दुसरा पॉइंट हरत होता! पॉइंट जाणं हा अपघात नाही, खेळाचा नेहमीचा भाग आहे. तू हरतेस ती त्या एका पॉइंटने नाही, त्याची फिर्याद मनात चालू असताना केलेल्या पुढच्या सर्व्हिसने.

प्रश्न: वरिष्ठांसमोर प्रेझेंटेशन द्यायचं म्हटलं की हृदय धडधडतं. दीर्घ श्वास घेतो, ‘शांत हो’ म्हणतो, त्याने उलट वाढतं. भीती घालवायची कशी?

उत्तर: घालवू नका. धडधडणाऱ्या शरीराला ‘शांत हो’ म्हणणं म्हणजे भरधाव गाडीला एकदम रिव्हर्समध्ये टाकणं. भीतीत आणि उत्साहात छाती सारखीच धडधडते, फरक आपण तिला दिलेल्या नावाचा असतो. ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणाआधी ‘मला उत्साह वाटतोय’ असं मोठ्याने म्हणणाऱ्यांची भाषणं ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. सोबत पहिली दोन वाक्यं शब्दन् शब्द पाठ करा. पहिला अर्धा मिनिट तोंड आपोआप चालू राहिलं की बाकीचं येतं.

माझ्या पहिल्या व्याख्यानात ग्लासातलं पाणी इतकं हिंदकळत होतं की मी तो ओठांपर्यंत नेलाच नाही. नंतर चौघांना विचारलं, कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आपल्याला आतून जेवढं जाणवतं, त्यातलं फारच थोडं समोरच्याला दिसतं.

प्रश्न: रोज सकाळी प्रेरणादायी व्हिडिओ बघावेत का?

उत्तर: बघून लगेच कामाला लागत असाल तर बघा. मला भेटणारी बरीच मंडळी दुसरा व्हिडिओ लावतात.

प्रश्न: स्वतःचा व्यवसाय आहे, १४ तास काम करतो, झोप पाच तास. यशस्वी लोक असंच करतात ना? हल्ली मात्र साध्या चुका होतात आणि चिडचिड वाढली आहे.

उत्तर: तुमच्या शेवटच्या वाक्यात उत्तर आलंच आहे. अँडर्स एरिक्सन यांचा बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा १९९३ चा अभ्यास ‘दहा हजार तास घासा’ एवढ्यापुरताच लोकांच्या लक्षात राहिला. त्यातली दुसरी बाजू कोणी सांगत नाही. सगळ्यांत सरस विद्यार्थी एकट्याने सराव करायचे तो दिवसाला साधारण साडेतीन तास, तोही तुकड्यातुकड्यांनी, आणि दुपारची डुलकी धरून ते इतरांपेक्षा जास्त झोपायचे. पूर्ण लक्ष लावून करायचं काम माणूस दिवसभर करूच शकत नाही. तुमच्या १४ तासांतलं असं काम किती, ते आठवडाभर वहीत लिहा. आकडा बघून वाईट वाटेल. ते तास सकाळच्या ताज्या डोक्याला द्या, फोन आणि बिलं दुपारनंतर. चिडचिडीवर मी सल्ला देणार नाही, आधी सात तास झोपा आणि मग लिहा.

प्रश्न: माझ्या हाताखाली दहा जणांची टीम आहे. चूक झाली की लपवतात, मला शेवटी कळतं. जबाबदारीची जाणीव कशी निर्माण करू?

उत्तर: रागावू नका, पण आधी हे सांगा की मागच्या वेळी ज्याने स्वतःहून चूक सांगितली, त्याचं पुढे काय झालं? सगळी टीम तेच बघून वागते. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या चमूंचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चमूंच्या नावावर चुका जास्त निघाल्या. त्या स्वतःच चक्रावल्या. मग उलगडा होत गेला: तिथे चुका जास्त होत असतील असं नव्हे, तिथले लोक त्या बोलून दाखवत होते. बाकीच्या ठिकाणी चुका गालिच्याखाली जात होत्या.

तेव्हा पुढच्या बैठकीत सुरुवात स्वतःपासून करा. गेल्या महिन्यातली तुमची एक खरी चूक सांगा, किरकोळ नको, जिने काम अडलं होतं अशी. मग ‘अजून कोणाचं काही?’ म्हणून गप्प बसा. पहिल्या बैठकीत कोणी तोंड उघडणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत कोणीतरी चाचरत बोलेल, आणि ते ऐकताना तुमच्या कपाळाला आठी पडते का, याकडे दहाही जणांचं लक्ष असेल.