डब्यावरचे ३०० वॉट आणि दारातला स्पीकर

प्रश्न : माझी हॅचबॅक गाडी दहा वर्षे जुनी आहे. आवाज थोडा वाढवला की पुढच्या डाव्या दारातील स्पीकर फरफरतो. दुकानदार ३०० वॉटचे स्पीकर घ्यायला सांगतो. म्युझिक सिस्टिम मात्र गाडीसोबत आलेलीच आहे. ते घ्यावेत का?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आधी फरफर कुठून येते ते पाहावे. सिस्टिमच्या सेटिंगमधून सगळा आवाज त्या एकाच स्पीकरकडे वळवावा आणि दाराच्या पॅडवर तळहात दाबून धरावा. फरफर थांबली, तर दोष बहुधा पॅडच्या सैल किंवा तुटलेल्या क्लिपांचा असतो. न थांबल्यास पॅड काढून स्पीकरच्या कागदी शंकूभोवतीची कड तपासावी. नवतपाच्या दिवसांत उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत फोमची कड इतकी वाळते, की काही वर्षांनी बोट लावताच तिचा भुगा हातात येतो. म्हणून नवा स्पीकर रबरी कडेचाच घ्यावा, आणि पुढचे दोन्ही एकदमच बदलावेत.

आता ३०० वॉटबद्दल. डब्यावर ठळक छापलेला हा आकडा बहुतेक वेळा क्षणिक कमाल शक्तीचा असतो. पाहायचा तो बारीक अक्षरांतला आरएमएसचा, म्हणजे स्पीकर सलग पेलू शकतो त्या शक्तीचा, आकडा. गाडीसोबत आलेली सिस्टिम प्रत्येक स्पीकरला सलग साधारण १५ ते २० वॉटच देते, त्यामुळे वेगळा ॲम्प्लिफायर लावायचा नसेल तर वॉटपेक्षा संवेदनशीलतेला, म्हणजे डेसिबलच्या आकड्याला, अधिक महत्त्व द्यावे. ८७ डेसिबलच्या स्पीकरला जितक्या आवाजासाठी २० वॉट लागतात, तितका आवाज ९० डेसिबलचा स्पीकर १० वॉटमध्येच देतो. दुकानदार हे क्वचितच सांगतात. ओहम म्हणजे विद्युतरोधाचे एकक; सिस्टिम ४ ओहमची असेल तर २ ओहमचे स्पीकर जोडू नयेत. ती तापून बिघडू शकते.

साडेसहा इंची स्पीकरही सगळे सारख्या खोलीचे नसतात. दाराची काच पूर्ण खाली घेऊन मागचे चुंबक तिला अडत नाही ना, हे स्क्रू आवळण्याआधीच पाहावे. अडल्यास स्पीकरला काचेपासून दूर उचलणारी स्पेसर रिंग लावावी. मूळ वायर कापू न देता त्या गाडीचा कपलर, म्हणजे वायरींचा तयार जोड, मागावा. स्पीकरचे रुंद टोक बहुधा धन असते, तरी खात्रीसाठी दीड व्होल्टचा सेल क्षणभर जोडावा : सेलचे धन टोक ज्याला लावल्यावर शंकू बाहेर सरकतो, ते स्पीकरचे धन टोक. दोन स्पीकरांपैकी एकाच्या वायरी उलट लागल्या तर खर्जाचा आवाज पोकळ होतो, आणि गिऱ्हाईक उगाच स्पीकरला नावे ठेवते.

पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा मात्र कारागिराला फाडून फेकू देऊ नका. काचेवरून दारात उतरणारे पावसाचे पाणी तोच अडवतो. तो जसाच्या तसा चिकटवून घेतल्यावरच पॅड बसवू द्यावा.