यादी तुझी, तर निकालही तुझा

पोरी,

तुझा लांबलचक मेसेज सकाळी मैदानावर वाचला. पोरं फक्की मारत होती, मी कडेला उभा होतो. तुझ्या टीममधल्या नववीतल्या त्या मुलीची पेनल्टी गोलच्या बारवरून गेली, जिल्ह्याची फुटबॉल मॅच हातची गेली, तिचे वडील कोळपणी सोडून चिखलाच्या पायांनी थेट मैदानावर आले आणि त्यांनी तुला विचारलं, "हिले माराले कोनी सांगं?" त्यावर तू म्हणालीस, "तिनेच हात वर केला होता." आणि शेवटी मला विचारतेस, सर, मी टीम सोडून देऊ का?

सोडायचं नंतर बघू. आधी हे तुझं वाक्य बघू. ते खरं असेल, पण कोचला ते बोलता येत नाही. पेनल्टी कोण मारणार, कोणत्या क्रमाने, ही यादी कोचची असते. यादी तुझी, तर निकालही तुझा. यादी केलीच नसेल, तर ती न केलेली यादीसुद्धा तुझीच.

तू डिफेंडर, मीही डिफेंडर, म्हणून गोष्टही एका डिफेंडरचीच सांगतो. इंग्लंडचा गॅरेथ साउथगेट, जो पुढे त्याच संघाचा कोच झाला. २६ जून १९९६, लंडनचं वेम्बली मैदान, युरोची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची सेमीफायनल, समोर जर्मनी. १-१ झालं, बरोबरी सुटेना, मग शूटआउट आलं, म्हणजे दोन्हीकडून आळीपाळीने पेनल्टी मारून निकाल. इंग्लंडच्या पहिल्या पाचही जणांनी गोल केले, जर्मनीच्याही पाचांनी केले. सहावा कोण? साउथगेटने हात वर केला. त्याआधी व्यावसायिक सामन्यात त्याने एकदाच पेनल्टी मारली होती आणि तीही खांबाला लागली होती. त्या रात्री गोलकीपर कोप्केने त्याचा फटका अडवला, मोलरने पुढचा मारला आणि इंग्लंड घरच्या मैदानावर बाहेर पडलं. पुढे कित्येक वर्षं त्या माणसाची ओळख तेवढीच राहिली.

त्याला हात वर करायची वेळ का आली, याचा विचार कर. पाच नावांपुढे यादी संपली होती. हात वर करणं हे धैर्य आहे, मान्य. पण पोराच्या धैर्यावर आपली तयारी भागवायची नसते. तुझ्या त्या मुलीने धैर्य दाखवलं. तू काय दाखवलंस?

कडक बोलतोय, पण तुझ्याशी नाही तर कोणाशी बोलू?

साउथगेटचं कोच होणंही सरळ नव्हतं. मिडल्सब्रो या इंग्लिश क्लबचा मॅनेजर, म्हणजे कोच झाला, २००९ मध्ये संघ खालच्या विभागात गेला आणि त्याच वर्षी त्याला काढलं. मग इंग्लंडच्या २१ वर्षांखालच्या पोरांना शिकवत बसला. २०१६ मध्ये मुख्य संघाची जागा अचानक रिकामी झाली, तेव्हा आधी हंगामी म्हणून त्याला बसवलं. तिथून तो १०२ सामने टिकला. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्याने यादीचं काय केलं. २०१८ च्या वर्ल्डकपला जायच्या आधीपासून त्याने पेनल्टीचा सराव घेतला. थकल्या पायांनी मारायच्या, शिट्टी वाजली की घाई करायची नाही, श्वास घ्यायचा, मग धावायचं. ३ जुलैला मॉस्कोत कोलंबियाविरुद्ध शूटआउट ४-३ ने जिंकलं. वर्ल्डकपमध्ये इंग्लंड त्याआधीची तिन्ही शूटआउट हरलं होतं. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, मी घरात एकटाच जागा होतो. सगळे इंग्लंडवाले नाचत होते आणि हा माणूस ज्याचा फटका बारला लागला त्या कोलंबियाच्या उरिबेला कवटाळून उभा होता. ते बघून मी टीव्ही बंद केला. झोप लागली नाही.

का लागली नाही, ते सांगतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी आमचा संघ नाशिकला विभागीय स्पर्धेला गेला होता. शूटआउट आलं. माझ्याकडे यादी नव्हती. मी घोळका करून उभ्या पोरांना विचारलं, "कोण मारतं?" बारावीतला एक डावखुरा पोरगा पुढे आला. चेंडू सरळ कीपरच्या हातात. परतीच्या पॅसेंजरमध्ये मनमाड सुटल्यावर संघटनेतल्या एका मोठ्या माणसाने सगळ्या डब्यादेखत विचारलं, "ह्याला कोणी पाठवलं मारायला?" पोरगा माझ्याकडे बघत होता. मी खिडकीबाहेर बघत होतो. चाळीसगाव गेलं, पाचोरा आलं, तो बॅग घेऊन उतरला. पुन्हा कधी मैदानावर आला नाही.

मी बोललो असतो तर? त्या माणसाच्या हातात निवड होती. पुढच्या वर्षी माझी चार पोरं बाहेर बसली असती. हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय, आणि त्यात खोटं काही नाही. चारांपैकी दोघं त्या खेळावर रेल्वेत लागले. पण पाचवाही माझाच होता. "मी पाठवलं" एवढेच दोन शब्द होते.

आता २०२१ बघ. ११ जुलै, युरोची फायनल, इटली. आपल्याकडे १२ तारीख लागली होती. १२० व्या मिनिटाला साउथगेटने रॅशफर्ड आणि सांचोला खास पेनल्टीसाठी उतरवलं. रॅशफर्डचा खांबाला, सांचोचा अडवला, शेवटचा फटका १९ वर्षांच्या साकाचा, तोही डोनारुम्माने अडवला. त्या तिघांना कातडीच्या रंगावरून घाणेरड्या शिव्या पडल्या. साउथगेट समोर येऊन म्हणाला की कोण मारणार हे मी ठरवलं, सरावात बघून ठरवलं, जबाबदारी माझी. यादी त्याची, निकालही त्याचा. १९९६ मध्ये ज्याचा फटका अडला, त्याला हे बोलायला विचार करावा लागला नसेल.

लोक म्हणतात तो भित्रा कोच. गोल झाला की संघ मागे खेचतो. २०१८ ला क्रोएशियाविरुद्ध पाचव्या मिनिटाला पुढे गेले आणि हरले, २०२१ ला दुसऱ्या मिनिटाला पुढे गेले आणि हरले. बरोबर आहे, हे मी नाकारत नाही. मलाही आयुष्यभर हेच ऐकवलं गेलं, की सर बस मागे उभी करतात, म्हणजे सगळी टीम गोलसमोर आणून ठेवतात. पण डिफेंडरला एक गोष्ट लहानपणापासून माहीत असते, की त्याच्या मागे चूक सावरायला एक कीपर सोडून कोणी नाही. तो मागे सरकणारच. १९६६ नंतर इंग्लंडचा पुरुष संघ एकाही मोठ्या फायनलला गेला नव्हता, हा दोनदा घेऊन गेला. दुसऱ्यांदा, २०२४ च्या युरोला, स्पेनकडून २-१ ने हरला आणि दोन दिवसांत राजीनामा दिला. कप मिळाला नाही. त्याच स्पर्धेत त्याच्याच देशाच्या लोकांनी त्याच्यावर प्लास्टिकचे ग्लास फेकले होते.

पण त्याच स्पर्धेत स्वित्झर्लंडविरुद्ध शूटआउट झालं, पाचपैकी पाच गोल. तिसरी पेनल्टी मारली साकाने. २०२१ मध्ये यादी बनवणाऱ्याने अंग झटकलं असतं, तर हा पोरगा पुन्हा त्या ठिपक्यापाशी आला असता का?

म्हणून टीम सोडायचं नाव काढू नकोस. आज सोडलीस तर त्या मुलीला एवढंच कळेल की तिच्यामुळे ताई गेली.

गुरुवारपासून सरावाच्या शेवटची पंधरा मिनिटं पेनल्टी. आधी पोरींना दमव, मग मारायला लाव. वहीत लिही, कोणाच्या किती गेल्या, कुठे गेल्या. क्रमाने नावं लिही आणि पाचांवर थांबू नकोस, अकरा लिही, कीपरसकट. त्या मुलीचं नाव खोडायचं नाही. ती सरावात कितवी येते ते बघ आणि तिथे लिही. यादी मॅचच्या आधी सगळ्यांना वाचून दाखव. मग कोणी हात वर करायची वेळच येणार नाही.

आणि रविवारी तिच्या घरी जा. वडील सातला शेतात निघतात म्हणालीस, तर साडेसहाच्या आत पोच. तिच्याशी नंतर बोल, आधी त्यांच्याशी. यादी मी केली नव्हती, चूक माझी, एवढंच सांग. त्यापुढे स्पर्धा, वारा, रेफ्री काही जोडू नकोस. ते चिडले तर ऐकून घे. चहा ठेवला तर बस.

तो डावखुरा पोरगा आता पाचोऱ्याच्या रस्त्याला पंक्चर काढतो. मी दोन-तीनदा तिथे थांबलोय. सर म्हणतो, हवेचे पैसे घेत नाही, मी मान हलवून निघून येतो. रविवारी मीही जातोय. गाडीच्या दोन्ही चाकांत हवा आहे, तरी जातोय.

तुझे,
सर