नववीच्या मुलांना डेटाबेसवर शोधायला शिकवताना

पहिल्या तासाला संगणक बंदच ठेवा. ‘ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो का येतात?’ हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि मुलांकडून त्यातले दोन-तीनच कामाचे शब्द काढून घ्या. अख्खं वाक्य टाकलं की शोधगंगावर (भारतीय विद्यापीठांतल्या पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) सहसा भलतंच हाती लागतं.

मग पर्यायी शब्द. गाडी अडते ती इथेच: जुन्या इंग्रजी शोधनिबंधांत ठाण्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘ई’ऐवजी ‘ए’ असतो (Thane ऐवजी Thana). दोन्ही स्पेलिंगं कंसात, मध्ये ‘ऑर’ (OR, म्हणजे यांतलं कोणतंही चालेल). बाहेर ‘अँड’ (AND, म्हणजे हेही हवंच) आणि फ्लेमिंगो. ‘ऑर’, ‘अँड’ कॅपिटलमध्येच, नाहीतर अनेक ठिकाणी ते साधे शब्द धरले जातात.

निकाल फार आले तर वर्षाची चाळणी लावा. उदाहरणार्थ, खाडी रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाली २०२२ मध्ये, तर त्याबद्दल शोधताना त्या वर्षापासूनचेच निकाल घ्या. शोधगंगावर प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये असतो. आधी निष्कर्षाचं प्रकरण उघडायला सांगा, मुलं उगाच पहिल्या पानापासून वाचत बसतात.