हॉर्लिक्स मूळचं कुठलं, आणि ते दुधात घ्यायचं की पाण्यात?

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच इतिहासात आहेत, म्हणून एकत्र लिहितो.

हॉर्लिक हे आडनाव. जेम्स आणि विल्यम हे इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरचे भाऊ, त्यातला जेम्स औषधं बनवणारा. 1873 मध्ये दोघांनी अमेरिकेत शिकागोला धंदा मांडला आणि पुढे विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी नेला. सुरुवातीचं उत्पादन म्हणजे तान्ह्या मुलांसाठी आणि आजाऱ्यांसाठी धान्याची पावडर, जी दुधात कालवावी लागे. अडचण दुधाचीच होती. तेव्हा शहरांत मिळणारं दूध पुष्कळदा भेसळीचं नाहीतर नासत आलेलं असे. मग त्यांनी दूधच पावडरीत आणलं आणि 1883 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आता नुसतं पाणी पुरे. माझ्या मते हॉर्लिक्सचं खरं मोठेपण इथे आहे, पुढच्या जाहिरातींत नाही.

हे जमतं कसं? जवाला मोड आणून ते वाळवतात (यालाच माल्ट म्हणतात), भरडतात आणि गव्हाच्या पिठासोबत गरम पाण्यात ठेवतात. मोड फुटताना तयार झालेली एन्झाइम्स साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसला स्टार्च तोडून माल्टोज ही साखर बनवतात. तापमान 80 च्या वर गेलं की एन्झाइम्स निकामी होतात, मग गोडी उतरत नाही आणि हाती खळ येते. मोड आणलेल्या नाचणीच्या सत्त्वाची पेज पातळ राहते तीही याच कारणाने. चोथा गाळून उरलेल्या रसात दूध घालतात आणि निर्वात भांड्यात आटवतात. दाब कमी असल्याने पाणी कमी उष्णतेला उडतं, दूध करपत नाही.

जेम्स 1890 मध्ये इंग्लंडला परतला, 1908 मध्ये स्लाव येथे कारखाना उभा राहिला. भारतात पंजाबातल्या नाभा इथे 1960 च्या सुमारास उत्पादन सुरू झालं, तेही म्हशीच्या दुधावर. गाईच्या दुधात फॅट साडेतीन-चार टक्के, म्हशीच्या दुधात सहा-सात, त्यामुळे प्रमाणं नव्याने बसवावी लागतात.

ब्रिटनमध्ये हे झोपेआधीचं पेय म्हणून खपवलं गेलं, आपल्याकडे वाढत्या मुलांच्या ताकदीचं. हा फरक मुख्यतः जाहिरातींनी घडवला. मालकीही आज वेगळी आहे: 2017 मध्ये ब्रिटनमधला ब्रँड एमिया फूड्सकडे गेला, भारतातला 2020 पासून हिंदुस्तान युनिलिव्हरकडे आहे. 2024 मध्ये या कंपनीने आपल्या अशा पेयांच्या वर्गाच्या नावातून 'हेल्थ' हा शब्द काढला.

आता दूध की पाणी. साध्या माल्ट प्रकारात दुधाची भुकटी असते, त्यामुळे गरम पाण्यात चालतं, पण पातळ लागतं. दुधात घेतलं तर प्रथिनं आणि कॅल्शियम मुख्यतः त्या दुधातूनच मिळतात, हे लक्षात असू द्या. वरून साखर नको. माल्टोज हीसुद्धा साखरच, शिवाय बहुतेक प्रकारांत वेगळी साखर असते. मधुमेह असेल तर डब्यामागचा तक्ता वाचल्याशिवाय घेऊ नका.

गुठळ्या होतात कारण उकळतं दूध एकदम ओतलं की पावडरीचा बाहेरचा थर चिकट होतो आणि आतला भाग कोरडाच राहतो. कपात आधी पावडर घ्या, दोन चमचे कोमट दूध घालून एकजीव पेस्ट करा, मग उरलेलं गरम दूध थोडं थोडं घालत ढवळा. पावडर हवेतला ओलावा झटकन ओढते, म्हणून चमचा कोरडाच हवा आणि डबा वाफेच्या पातेल्याशेजारी उघडू नये. एकदा दगड झाली की ती पूर्वीसारखी विरघळत नाही.