उकड काढताना आई मध्येच थांबली

'मावशी, आई ७६ वर्षांची आहे, देवगडजवळच्या गावात एकटी राहते. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. यंदा चवथीला सगळे गेलो तर कुळथाच्या पिठात किडे, दोन पातेल्यांची बुडं करपून काळी, विजेचं बिल थकलेलं. मोदकांची उकड काढताना पाणी खळखळत होतं आणि आई पिठाचा डबा हातात घेऊन नुसती उभी. मला म्हणाली, "आता काय घालूचा गो?" दंडावर काळानिळा डाग होता, म्हणे, दार लागलं. भाऊ म्हणतो, वय झालं, एवढं चालायचंच. मला वाटतं, तिला डोंबिवलीला आणावं. विषय काढला की ती म्हणते, "माका काय धाड भरली हा?" मी उगाच घाबरतेय का?'

उगाच नाही. पण डोंबिवलीचं तिकीट काढायची घाईही नको.

करपलेली पातेली मी बाजूला ठेवते. संध्याकाळच्या मालिका सुरू झाल्यापासून ती घराघरांत करपतात. चष्मा कुठे ठेवला, शेजारच्या सुनेचं नाव काय, हे विसरणंही वयाच्या खाती टाकू. उकडीचं तसं नाही. पाण्यात मीठ, चमचाभर तूप, पीठ, झाकण, वाफ हे सगळं जी बाई आयुष्यभर गप्पा मारता मारता करत आली, तिला मधली पायरीच सापडू नये, हे मी गंभीर धरते. तुलना तिची तिच्याशीच करायची. वाडीतली कुणी आजी नव्वदीतही विहिरीचं पाणी ओढते, याचा इथे काही उपयोग नाही.

तरी 'स्मृतिभ्रंश' हा शिक्का तू मारू नकोस. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, मोतीबिंदू, कमी ऐकू येणं, लघवीतला संसर्ग, झोपेची गोळी, नवरा गेल्यावर मनात साठलेलं दुःख, यातलं काहीही म्हाताऱ्या माणसाला गोंधळात टाकतं आणि बऱ्याच गोष्टींवर इलाज असतो. आधी गोळ्यांच्या पट्ट्या मोज. पट्टी कधी आणली, आज किती उरायला हव्यात, किती उरल्यात? रक्तदाबाची गोळी आज विसरायची आणि उद्या दोन घ्यायच्या, हे फार ठिकाणी चालतं. मग उठताना चक्कर येते. डॉक्टरकडे जाताना गोळ्या, काढे, चूर्णं सगळं एका पिशवीत घालून ने. गोंधळ दोन-चार दिवसांत एकदम वाढला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

आता तो डाग. आई पडली असणार, असं मला वाटतं. सांगणार नाही, कारण पडल्याचं कळलं की पोरं उचलून मुंबईला नेणार, हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणून 'पडलीस का?' असं विचारूच नकोस. रात्री ती न्हाणीकडे निघाली की सोबत जा आणि बघ. मधल्या दाराचा उंबरठा ओलांडताना कशाला धरते? पावसाळ्यात मागच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, ते कोण खरवडतं? लाईट गेली की काय करते? न्हाणीत भिंतीला दांडा, वाटेत चार्जिंगचा दिवा, पायऱ्यांना कठडा, एवढं गवंडी आणि वायरमन आठवडाभरात करून देतील. आंघोळ टाळत असेल तर तो आळस समजू नको, ओल्या जमिनीची भीती असू शकते.

आणखी एक कर. दारावर येणाऱ्या मासेवालीशी बोल. एकाच सकाळी दोनदा बांगडे घेतले, सुटे पैसे मोजताना अडखळली, हे तिला तुझ्याआधी दिसलेलं असतं. दुकानदार, पोस्टमन, गावची आशाताई यांनाही तुझा नंबर देऊन ठेव. आंब्याची कलमं कराराने दिली असतील तर पैसे कुणी, किती, कधी दिले, ते वहीत लिहिलंय का बघ. हिशेबाला चोख बाईचा हिशेब विस्कटला, तर तीही खूणच. बिलं तू तिकडून ऑनलाइन भरत जा, त्यावर चर्चा नको.

मदतीला बाई ठेवायची, पण 'तुझी काळजी घ्यायला' म्हणून आणलीस तर आई तिला दुसऱ्या दिवशी हाकलेल. खळं झाडायला, पाणी भरायला, नारळ सोलायला म्हणून आण. ओळखीतली असावी, रोज सकाळी दोन तास. जेवण, गोळ्या, आंघोळ यात ती हळूहळू शिरेल. पहिले काही दिवस तू तिथे राहा. पगार भावंडांनी वाटून घ्या. कुठे काय सोय मिळेल हे विचारायला ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे.

डोंबिवलीला कायमचं आणायचं म्हणशील, तर ज्याला आधीच गोंधळायला होतं त्याला अनोळखी घरात न्हाणीचं दारही सापडत नाही. महिनाभर पाहुणी म्हणून येऊ दे, मग बघू. पण ओळखीच्या वाटेवर चुकली, गॅस पुन्हा पुन्हा उघडा राहिला किंवा रात्री उठून बाहेर जायला लागली, तर एकटं ठेवायचं नाही. मग ती कितीही रागावो.

राहिला तुझा भाऊ. त्याच्याशी फोनवर वाद घालू नको. दिवाळीला त्याला एकट्याला पाठव, बायकोशिवाय, आठ दिवस. डबे त्यानेच उघडायचे, गोळ्या त्यानेच मोजायच्या, रात्री ओटीवर आईच्या शेजारी झोपायचं. त्याचं 'चालायचंच' कितव्या दिवशी बंद होतं, ते मला कळव.

— मावशी